वाड्यामागचा गोठा काय सांगतो?



इतिहास म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गड येतात, राजवाडे येतात, तलवारी येतात. सहलीला गेलो की आपण वाड्याचा दिवाणखाना बघतो, झुंबर बघतो, दारावरची नक्षी बघतो आणि परत फिरतो. वाड्याच्या मागे कुणी जात नाही. मागे काय असतं? गोठा, खळं, कोठार, उकिरडा. पण पुढचा वाडा ज्याच्या जिवावर उभा राहतो ते सगळं मागेच असतं. म्हणून आज आपण मागच्या दाराने आत जायचं, तेही जरा लांबच्या वाड्यात, इंग्लंडमध्ये.

इतक्या लांब कशाला, असं कुणी विचारेल. एक तर तिथले नकाशे, नोंदी, कोर्टाचे निकाल जपून ठेवलेले आहेत. आणि दुसरं असं की, परक्या घरची गोष्ट ऐकताना आपण रागावत नाही, आणि ऐकता ऐकता आपलंच घर दिसायला लागतं.

इंग्लंडमध्ये केंब्रिज नावाचं विद्यापीठाचं शहर आहे. तिथून साधारण पंधरा किलोमीटरवर विम्पोल नावाची जुनी जहागीर आहे. मधोमध मोठा वाडा आणि भोवती शेती, कुरणं, झाडी मिळून आज सुमारे ३००० एकर जमीन. या वाड्याचा आपल्या मुंबईशीही एक धागा आहे. आपल्या पोरांना मोगलीची गोष्ट पाठ असते ना? ती लिहिणारे रुडयार्ड किपलिंग १८६५ साली मुंबईत जन्मले. त्यांचे वडील जे. जे. कला शाळेत शिकवायचे. या किपलिंग यांची मुलगी एल्सी बॅम्ब्रिज हिने आणि तिच्या नवऱ्याने १९३८ साली विम्पोल विकत घेतलं. वाड्याच्या दुरुस्तीला वडिलांच्या पुस्तकांच्या पैशाचा मोठा आधार होता. पण आपल्याला एल्सीच्या दिवाणखान्यात जायचं नाही. आपण जाऊ तिथल्या शेतवाडीत.

गवंड्याच्या मुलाने बांधलेला गोठा

१७९० च्या सुमाराला विम्पोलचे जहागीरदार होते फिलिप यॉर्क. त्यांना शेतीत सुधारणा करायची हौस. तो काळच तसा होता. इंग्लंडमध्ये शेतीसुधारणेसाठी १७९३ साली एक सरकारी मान्यतेचं मंडळ निघालं होतं. चांगलं बियाणं कोणतं, मेंढरं कशी जोपासायची, पिकाची फेरपालट कशी करायची, याच्या चर्चा मोठमोठ्या घरांत चालायच्या. यॉर्क यांनी १७९४ साली नव्या शेतवाडीचं काम दिलं जॉन सोन यांना. हे सोन म्हणजे लंडनच्या बँक ऑफ इंग्लंडचे वास्तुरचनाकार, आणि मूळचे एका गवंड्याचे पोर. बँकेची तिजोरी बांधणाऱ्या माणसाला गोठा बांधायला बोलावलं, यावरून त्या गोठ्याची किंमत कळते. कारण जहागिरीची खरी तिजोरी तोच होता.

सोन यांनी लाकडी फळ्यांच्या भिंती आणि वर शाकारलेलं गवती छप्पर, अशा इमारती अंगणाभोवती मांडल्या. मोठं कोठार, गुरांचे गोठे, गाड्यांची छपरी. त्या काळच्या नमुना शेतवाड्यांत मांडणीचा एक हिशेब असायचा. उंच कोठार बहुधा उत्तरेला, म्हणजे थंड वारा अडतो. गोठ्यांची तोंडं उन्हाकडे. कोठारात मळणी झाली की पेंढा दोन पावलांवर गोठ्यात. तो गुरांच्या पायाखाली अंथरायचा, त्यात शेण-मूत मुरलं की मधल्या अंगणातच खत तयार. ते खत गाडीत भरून पुन्हा शेतात. म्हणजे माणसाची एकही फेरी वाया जाऊ नये, अशी ती जागा. आपल्या घरी गोठा एका टोकाला, कडबा दुसऱ्या टोकाला आणि पाणी तिसऱ्याच ठिकाणी असतं. त्या फेऱ्या कोण मारतं ते आपल्याला माहीत आहे.

छप्पर असलेलं खळं

आता मोठ्या कोठारात शिरू. त्याला आपण कोठार म्हणतो खरं, पण ते असतं छप्पर असलेलं खळं. आपल्याकडे ज्वारी-गव्हाची मळणी उन्हाळ्याच्या तोंडावर उघड्या खळ्यावर व्हायची. खळं सारवायचं, मधे तिवडा रोवायचा, बैलांची पात फिरवायची, वारा सुटला की उफणायचं. आभाळ कोरडं असल्यामुळे छपराची गरज नाही. इंग्लंडमध्ये गहू निघतो ऑगस्टच्या सुमाराला आणि पाऊस कधी येईल याचा नेम नाही. म्हणून पेंढ्या बांधून आत रचायच्या आणि सगळा हिवाळा थोड्या थोड्या झोडायच्या.

जुन्या इंग्लिश कोठारांना समोरासमोर दोन मोठाले दरवाजे असतात. एकातून भरलेली गाडी आत यायची आणि रिकामी होऊन दुसऱ्यातून बाहेर पडायची. दोन दरवाजांच्या मधली जमीन घट्ट, फळ्या ठोकलेली. तेच खळं. तिथे माणसं समोरासमोर उभी राहून पेंढ्या झोडायची. हातात एक लांब दांडा, त्याच्या टोकाला चामड्याच्या वादीने अडकवलेला दुसरा आखूड दांडा. तो डोक्यावरून गरकन फिरवून आपटायचा. झोडून झालं की दोन्ही दरवाजे सताड उघडायचे. वारा आरपार वाहायचा, त्यात धान्य उफणायचं, भुसा उडून जायचा. कित्येक कोठारांच्या उंच भिंतीत एक छोटं भोक ठेवलेलं असायचं. ते घुबडासाठी. घुबड आत आलं की उंदरांचा बंदोबस्त आपोआप. आपण घुबडाला अशुभ म्हणतो, त्यांनी त्याला दार ठेवलं.

उफणलेलं धान्य ठेवायची खोली वेगळी. दक्षिण इंग्लंडमध्ये ती दगडी खांबांवर उचललेली असायची. खांबांवर भूछत्रासारखा गोल टोपीचा दगड. उंदीर खांब चढून येतो, पण टोपीखाली उलटं लटकून पुढे जाता येत नाही. आपण याच्या उलट केलं, धान्य जमिनीत पुरलं. कोरड्या माळावर पेव खणायचं, त्यात ज्वारी भरायची, तोंड बंद करायचं. आत हवा नाही म्हणून किडा जगत नाही. सांगलीजवळ हरिपूरला अशी हळदीची पेवं होती, बाजार त्यांच्यावर चालायचा. २००५ च्या महापुरात त्यातली पुष्कळ बुडाली. उंदीर तोच, कीड तीच, पण एका मुलखाने धान्य वर उचललं आणि दुसऱ्याने खाली उतरवलं. दोन्हीकडे डोकं माणसाचंच.

कोठारात न गेलेलं धान्य

पण सगळं धान्य कोठारात जात नाही. काही कणसं रानात पडून राहतात. आपण त्याला सरवा म्हणतो. सरवा वेचणारी बाई आपल्याकडे होती, तशी तिकडेही होती. कापणी झाली, पेंढ्या हलल्या, की गावातल्या गरीब बायका पोरांना घेऊन रानात शिरायच्या. बऱ्याच गावांत त्यासाठी सकाळी चर्चची घंटा वाजायची. घंटा झाल्याशिवाय कुणी रानात पाऊल टाकायचं नाही, आणि संध्याकाळच्या घंटेला सगळ्यांनी थांबायचं. का? तर तान्हं पोर असलेल्या बाईलाही इतरांइतकीच संधी मिळावी म्हणून. हा नियम कुठल्या सरकारने केला नव्हता. गावानेच तो पाळला होता. वेचलेल्या गव्हावर कित्येक घरांची पुढच्या कित्येक आठवड्यांची भाकरी निघायची.

मग एक खटला उभा राहिला. सफोक नावाच्या परगण्यात टिमवर्थ गावची मेरी हॉटन. तिने जेम्स स्टील यांच्या रानात सरवा वेचला. स्टील यांनी तिला कोर्टात खेचलं. १७८८ साली निकाल लागला. चारपैकी तीन न्यायाधीश म्हणाले, सरवा वेचणं हा गरिबांचा कायद्याने हक्क नाही. शेतमालकाने वेचू दिलं तर ती त्याची मेहरबानी. एक न्यायाधीश मात्र उलट मताचे होते.

मैत्रिणींनो, या निकालानंतर अवघ्या सहा वर्षांनी विम्पोलच्या त्या देखण्या कोठाराचा आराखडा झाला. दोन्ही गोष्टी एकाच काळातल्या. धान्य ठेवायची सोय सुधारत होती, आणि त्याच वेळी ते धान्य कुणाचं, याची रेघ जास्त ठळक होत होती. तरी बायकांनी निकाल वाचून सरवा सोडला नाही. कित्येक गावांत ती घंटा त्यानंतर शंभर वर्षं वाजत राहिली. कागदावरून गेलेला हक्क बायकांनी वहिवाटीने धरून ठेवला.

पुरुष मजुरांवरही पाळी आलीच. हिवाळ्यात दुसरं काम नसायचं, कोठारातली झोडणी हीच चार महिन्यांची मजुरी. मळणी यंत्रं आली आणि महिन्यांचं काम थोड्या दिवसांत उरकायला लागलं. १८३० च्या ऑगस्टमध्ये केंट परगण्यात मजुरांनी यंत्रं फोडायला सुरुवात केली आणि ते लोण दक्षिण इंग्लंडभर पसरलं. शेतमालकांना धमकीची पत्रं जायची, खाली सही ‘कॅप्टन स्विंग’. त्या नावाचा कुणी माणूसच नव्हता. सरकारने मात्र खऱ्या माणसांना पकडलं. १९ जणांना फाशी झाली, जवळजवळ ५०० जणांना जहाजात घालून ऑस्ट्रेलियाकडे धाडलं. यंत्राने कष्ट कमी केले हे खरं. पण ज्याचे कष्ट वाचले त्याच्या पोटाचं काय, हा प्रश्न तेव्हाही कुणी आधी विचारला नव्हता.

दुधाची खोली

आता गोठ्याजवळच्या दुधाच्या खोलीत जाऊ. ही खोली बायकांची. इंग्लंडमध्ये धार काढणं, साय काढणं, लोणी करणं, चीज म्हणजे दूध नासवून, दाबून, मुरवून टिकवणं, ही कामं पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या हातची. खोलीची रचनाच ते काम सांगते. तोंड उत्तरेला, म्हणजे ऊन लागत नाही. खिडक्यांना जाळी. खाली फरशी, रोज धुवायला सोपी. दगडाच्या थंडगार फळ्या, त्यावर पसरट भांडी. दूध रात्रभर निवलं की वर साय धरायची, ती अलगद काढून घुसळायची. उरलेलं पातळ दूध आणि चीजचं पाणी डुकरांना. म्हणून डुकरांचा खुराडा दुधाच्या खोलीपासून फार लांब नसायचा.

उष्णता मोजायचं साधन कुणाकडे नव्हतं. कोपर बुडवून दुधाची ऊब ओळखायची, बोट दाबून चीज झालं की नाही ते सांगायचं. हे ज्ञान आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे गेलं. १७८४ साली जोसाया ट्वॅमली नावाच्या चीजच्या व्यापाऱ्याने या कामावर पुस्तक लिहिलं. पुस्तकावर नाव त्याचं. ज्यांच्या हातात ते ज्ञान होतं, त्या बायकांची नावं छापायची तेव्हा रीत नव्हती.

एका दूध काढणाऱ्या बाईचं नाव मात्र इतिहासात राहिलं, सारा नेल्म्स. गोठ्यात काम करणाऱ्या बायकांच्या हातांवर गाईच्या देवीचे फोड यायचे, आणि अशांना माणसांची देवी होत नाही असं खेड्यापाड्यांत बोललं जायचं. १७९६ च्या मे महिन्यात एडवर्ड जेन्नर या डॉक्टरांनी साराच्या हातावरच्या फोडातला द्रव घेऊन आठ वर्षांच्या एका मुलाला टोचला. त्यातून देवीची लस आली. सहा वर्षांनी, १४ जून १८०२ रोजी, ती लस मुंबईत पोचली आणि अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. भारतातली ती पहिली लस. तिच्या हातावरून पुढे ती हैदराबाद, मद्रास, म्हैसूरपर्यंत गेली. आपल्या आज्यांच्या दंडावर देवी टोचल्याचे जे वण होते, त्यांचं मूळ असं एका गोठ्यात आहे.

दुधाच्या खोलीला आणखी एक महत्त्व होतं. लोणी आणि अंडी विकून आलेला पैसा बऱ्याच शेतकरी घरांत बाईच्या हातात राहायचा. घरात तिचा शब्द चालायचा त्यातला थोडा जोर या पैशाचा होता. मग रेल्वे आली. १८६५-६६ मध्ये गुरांची मोठी साथ आली, लंडन शहरातल्या गाई पटापट मेल्या, आणि खेड्यातलं दूध कॅन भरभरून रेल्वेने शहराकडे निघालं. १८७० साली डर्बीशरमध्ये लाँगफर्ड इथे चीजचा पहिला कारखाना निघाला. ती पद्धत अमेरिकेतून आली होती. आता दूध पहाटे दारातून थेट बाहेर जायला लागलं.

यात बाईचं भलं झालं की नुकसान? दोन्ही. जड भांडी उचलून कंबरडं मोडायचं ते थांबलं, रात्रंदिवसाची घुसळण संपली. पण दुधाचा हिशेब रेल्वेच्या पावतीवर, कारखान्याच्या वहीत गेला, आणि त्या वहीत नाव शेतकऱ्याचं होतं, शेतकरणीचं नव्हतं. कष्ट गेले, त्यांच्याबरोबर पैशाची पिशवीही गेली.

पुढे दोन महायुद्धांत पुरुष लढायला गेले तेव्हा इंग्लंडला पुन्हा बायकांची आठवण झाली. १९१७ साली आणि नंतर १९३९ साली ‘महिला भूमिसेना’ उभी केली. दुसऱ्या महायुद्धात तिच्यात ८०,००० हून अधिक बायका होत्या. शहरातल्या मुली धार काढायला, ट्रॅक्टर चालवायला शिकल्या. म्हणजे हे काम बायकांना झेपत नाही, असं म्हणायला जागा उरली नाही.

आज तिथे काय आहे

विम्पोलच्या यॉर्क घराण्यावर कर्जाचा डोंगर झाला आणि १८९४ साली जहागीर त्यांच्या हातून गेली. एल्सी बॅम्ब्रिज १९७६ साली वारली तेव्हा तिने सगळं नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन टाकलं. ही संस्था १८९५ सालची, तिच्या तीन संस्थापकांपैकी एक बाई होती, ऑक्टेव्हिया हिल. संस्थेने नुसता वाडा जपला नाही, शेतवाडीही दुरुस्त केली. मोठ्या कोठारात आज जुनी अवजारं मांडलेली आहेत. गोठ्यांत गाई, मेंढ्या, डुकरं यांच्या दुर्मिळ होत चाललेल्या देशी जाती पाळतात. लोक तिकीट काढून ते बघायला येतात. इतर कित्येक कोठारं इतकी नशीबवान नाहीत. नव्या यंत्रांना त्यांचे दरवाजे पुरत नाहीत, मग ती ओस पडतात, नाहीतर त्यांची राहती घरं किंवा लग्नाचे हॉल होतात.

आता आपल्या दावणीकडे

एका गटाच्या बैठकीत मी विचारलं होतं, पहाटे धार कोण काढतं? सगळ्यांचे हात वर. शेण कोण काढतं? पुन्हा सगळे हात वर. डेअरीचं खातं कुणाच्या नावावर आहे? हात खाली आले. एक ताई म्हणाली, “मालकांच्या.” आपण नवऱ्याला मालक म्हणतो ते किती खरं आहे, हे त्या दिवशी सगळ्यांच्या ध्यानात आलं. तिची म्हैस गटाच्या कर्जातली होती. हप्ता तिच्या बचतीतून जात होता. दूध संस्थेत नाव बदलायला गेली, तर तिला सांगितलं, घरच्या कर्त्या माणसाला पाठवा. चार खेपा घातल्या, गटातल्या दोघी सोबत गेल्या, तेव्हा कुठे तिच्या नावाचं खातं झालं.

हे होऊ शकतं, हे आपल्याच मातीने दाखवलं आहे. १९८६ साली नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं. त्यानंतर शरद जोशींच्या ‘लक्ष्मी मुक्ती’ मोहिमेत गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन केली. कुणाशी भांडण करून नव्हे, बाईच्या कष्टाची नोंद व्हावी म्हणून.

म्हणून पुढच्या बैठकीत हजेरी, बचत, कर्जफेड झाली की दोन गोष्टी करा. पहिली, प्रत्येकीने सांगायचं: माझ्या घरच्या दुधाचं खातं कुणाच्या नावावर, पैसे कुणाच्या बँकेत जमा होतात, गोठ्याच्या जागेच्या नमुना ८ वर माझं नाव आहे का. ते इतिवृत्तात लिहा. ज्यांना बदल करायचा आहे त्यांच्यासोबत कोण जाणार, तेही लिहा.

दुसरी, गावात एखादं जुनं पेव, बळद, दगडी गोठा शिल्लक असेल तर तो पाडण्याआधी एखाद्या आजीला तिथे घेऊन जा. कणगी कशाने लिंपायची, बळदातलं धान्य कुठून काढायचं, पेव उघडल्यावर आत उतरण्याआधी वारं का लागू द्यायचं, हे तिला विचारा. मोबाईलवर तिचा आवाज टिपून ठेवा, आणि सुरुवातीला तिचं नाव तिलाच मोठ्याने सांगायला लावा.

मेरी हॉटनचं नाव राहिलं ते तिच्यावर खटला झाला म्हणून. सारा नेल्म्सचं राहिलं ते डॉक्टरांनी लिहिलं म्हणून. आपलं नाव आपण लिहायला कुणाची वाट बघायची नाही. तुमच्या गटाची नोंद घेऊन आपल्या रेडिओवर बोलायला या.